‘कितीने जास्त?’ला उत्तर ‘आठ’: स्तंभालेखातली दरवर्षीची अडचण आणि तिची दुरुस्ती

दिवाळीची सुट्टी संपली की मी तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गात आलेख घेते आणि गाडी दरवर्षी एकाच ठिकाणी अडते. फळ्यावर चार स्तंभ काढलेले असतात. ‘सगळ्यात उंच कोणता?’ बावीसच्या बावीस हात वर. ‘त्यात किती मुलं?’ ‘आठ!’ ‘सगळ्यात बुटक्यात?’ ‘तीन!’ मग मी विचारते, ‘उंच स्तंभात बुटक्यापेक्षा कितीने जास्त?’ आणि सगळा वर्ग त्याच जोमात ओरडतो, ‘आठ!’

पहिली काही वर्षं मला वाटायचं, वजाबाकी कच्ची आहे. म्हणून आलेख पुसायचा आणि आठवडाभर वजाबाकीच घ्यायची. नंतर ध्यानात आलं की ८ वजा ३ ही मुलं तोंडी सांगतात, बाजारात सुट्टे पैसे मोजून घेतात. वजाबाकी पक्की होती. इथे वजाबाकी करायची आहे, हेच त्यांना उमगत नव्हतं.

आमची अमळनेर तालुक्यातली द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा. पट ४८, त्यातले २२ माझ्याकडे. बालभारतीच्या पुस्तकात पाचवीपर्यंत चित्रालेख, सहावीत स्तंभालेख, सातवीत जोडस्तंभालेख आणि आठवीत विभाजित व शतमान स्तंभालेख येतो. मग चौथीत एवढा आटापिटा कशाला, असं सहकारी विचारतात. कारण ‘आठ’ म्हणणारं मूल सहावीतही ‘आठ’च म्हणतं. फक्त तोवर ते हळू आवाजात म्हणायला शिकलेलं असतं, त्यामुळे आपल्याला ऐकू येत नाही.

आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

चुकीचं उत्तर आलं की लगेच पुन्हा समजावून सांगू नका. वरून एकच दिसणाऱ्या या चुकीमागे तीन-चार वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. मी चिंचोक्यांची चाचणी घेते. मुलाला एकटं बोलवायचं. जमिनीवर आठ चिंचोक्यांची एक ओळ, तिच्याखाली तीनची दुसरी. आलेख नाही, फळा नाही. विचारायचं, ‘या ओळीत त्या ओळीपेक्षा कितीने जास्त?’

इथेही ‘आठ’ आलं, तर आलेखाचा काही दोष नाही. प्रश्नच पोचलेला नाही. चिंचोक्यांवर ‘पाच’ आणि आलेखावर ‘आठ’, तर आलेख वाचण्यात अडचण आहे. स्तंभ आठचा असताना ‘नऊ’ आलं, तर मूल चौकोन न मोजता रेषा मोजतंय. आणि स्तंभ ४५ चा असताना ‘नऊ’ आलं, तर प्रमाण, म्हणजे एक चौकोन किती मुलांचा, ते पाहिलेलंच नाही. माझ्याकडे निम्म्याहून जास्त मुलं दरवर्षी पहिल्याच प्रकारात सापडतात, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

चिंचोक्यांवरही ‘आठ’ येतं तेव्हा

मुलाच्या कानाने हा प्रश्न ऐकून बघा. ‘कितीने जास्त?’ त्यातलं ‘जास्त’ त्याला ओळखीचं आहे. जास्त कोण? उंच स्तंभ. किती? आठ. त्याने आपल्या एका प्रश्नाचे दोन सोपे प्रश्न केले आणि दोन्हींची बरोबर उत्तरं दिली. मधला ‘ने’ मात्र हवेत विरला. मराठीत एवढा मोठा अर्थ एवढ्याशा प्रत्ययावर टांगलेला असतो, हे आपल्याला बोलताना जाणवतही नाही.

टॉम हडसन या संशोधकाने १९८३ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चित्रात पाच पक्षी आणि त्यांच्यापेक्षा कमी अळ्या. ‘अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?’ असं विचारल्यावर बालवाडीच्या वयाची २५ टक्के मुलं बरोबर आली. चित्र तेच ठेवून ‘प्रत्येक पक्षी एकेक अळी पकडायला धावला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?’ असं विचारलं, तर ९६ टक्के. मुलं तीच आणि आकडेही तेच, फक्त प्रश्न वेगळा.

हे वाचल्यावर मी शब्द बदलून पाहिले आणि शेवटी अहिराणीवर आले. मी खानदेशचीच, घरी अहिराणीच बोलते, पण शाळेच्या दारात चप्पल काढावी तशी ती बाहेर काढून ठेवायची सवय लागली होती. आता आलेखाच्या पहिल्या दिवशी मी सरळ विचारते, ‘कितला उरनात?’ किती उरले.

हा तास फळ्यावर होत नाही, व्हरांड्यात होतो. आमच्या व्हरांड्याला शहाबादी फरश्या आहेत. एका फरशीवर एक मूल, अशा ओळी लावता येतात. मी विचारते, ‘काल रात्री भाकर कसली खाल्ली?’ खानदेशात या प्रश्नाला उत्तरांचा तोटा नाही. मागच्या खेपेला दादरची (ही आमची रब्बी ज्वारी) आठ जणांनी, बाजरीची पाच जणांनी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) तीन जणांनी आणि गव्हाची पोळी सहा जणांनी खाल्ली होती. ज्याने दोन प्रकार खाल्ले, त्याने पहिली भाकर सांगायची. हे आधी ठरवून घ्या, नाहीतर अर्धा तास त्या वादातच जातो. भिंतीला लागून असलेल्या फरशीपासून सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं. झाला आलेख.

आता दादरवाले आणि कळण्यावाले सोडून बाकीचे बाजूला. भिंतीपासून सुरुवात करून समोरासमोरच्या दोघांनी हात धरायचे. पहिली जोडी, दुसरी, तिसरी. कळण्याची ओळ संपली. दादरची मुलं अजून उभीच. चौथ्या फरशीवरच्या मुलाने सवयीने बाजूला हात पुढे केला, तिथे कुणीच नव्हतं. त्याने आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं, ओठ हलवत मोजलं आणि ओरडला, ‘मॅडम, आम्ही पाच उरनूत!’

याच मुलाने आदल्या दिवशी दोनदा ‘आठ’ सांगितलं होतं.

त्या क्षणी लगेच ‘म्हणजे आठ वजा तीन’ असं म्हणायचा मोह आवरा. मी दोन दिवस आवरते. आधी वेगवेगळ्या ओळींच्या जोड्या लावून ‘कितला उरनात?’ पाच-सहा वेळा होऊ द्यावं. मग एकदा ‘किती उरले?’, मग ‘किती जास्त उरले?’ आणि शेवटी ‘कितीने जास्त?’ शब्द असे एकेक पायरी चढवले की तो ‘ने’ पोटात अर्थ घेऊनच येतो. मग मुलं पूर्ण वाक्य बोलतात, ‘दादर खाणारे कळणा खाणाऱ्यांपेक्षा पाचने जास्त.’ लगेच उलटंही विचारायचं, ‘मग कळणावाले दादरवाल्यांपेक्षा कितीने कमी?’ इथे पुन्हा चारदोन ‘तीन’ येतात. जुनाच बिघाड उलट्या बाजूने डोकं वर काढतो. इलाजही जुनाच, जोड्या लावा.

एक खड्डा मी स्वतःच खणला होता. वरच्या आकड्यांत दादर आणि कळणा यांच्यातला फरक ५, आणि बाजरीचे विद्यार्थीही ५. एका मुलीने ‘पाच’ सांगितलं, मी शाबासकी दिली. नंतर सहज विचारलं, कसं काढलंस? तिने बाजरीच्या स्तंभावर बोट ठेवलं. उंच आणि बुटक्याच्या ‘मधला’ स्तंभ तिने निवडला होता. तेव्हापासून मी कोणत्या दोन स्तंभांची तुलना विचारायची ते आधी तपासून घेते. याच आलेखात दादर आणि पोळी यांच्यातला फरक २, पोळी आणि बाजरी यांच्यातला १. असे आकडे कोणत्याच स्तंभाचे नाहीत, म्हणून हे प्रश्न चालतात. मुलांची माहिती बदलायची नाही, प्रश्न बदलायचा.

व्हरांड्यातून वहीत येताना

मुलं फरशीवरून एकदम कागदावर उतरली की निम्मं शिकलेलं गळतं. मध्ये काडेपेट्यांची पायरी घालते. रिकाम्या काडेपेट्या गावात मागितल्या की आठवड्यात पिशवीभर जमतात. एका मुलाची एक काडेपेटी, कागदावर रेघ मारून तिच्यावर एकावर एक चिकटवायची.

एका वर्षी मी घाईत दोन आकारांच्या काडेपेट्या मिसळल्या. मोठ्या पेट्या बाजरीला गेल्या, लहान पोळीला. पाचचा स्तंभ सहाच्या वर गेला. मुलं म्हणाली, बाजरी जास्त. मी म्हणाले, मोजून बघा. मोजलं, पाच. तरी म्हणाली, पण बाजरीच जास्त, दिसतंच आहे! त्यांचं बरोबर होतं. स्तंभ बघून कळावं म्हणूनच तर आलेख काढतात. तो दिवस फुकट गेला असं वाटलं होतं, पण आता मी ही चूक मुद्दाम करून दाखवते आणि मुलांनाच बिघाड शोधायला लावते. सगळ्या पेट्या सारख्या हव्यात, हे त्यांनी शोधलेलं माझ्या सांगण्यापेक्षा जास्त टिकतं. रुंदीचंही तसंच. एक स्तंभ जाड काढला की लहान मुलांना तो ‘मोठा’ वाटतो, म्हणून सगळे स्तंभ सारख्या रुंदीचे.

पायाची रेघ हा याच घरातला दुसरा बिघाड. मुलं स्तंभ कुठूनही सुरू करतात, एक खालून, एक दोन चौकोन वरून. यावर फार बोलावं लागत नाही. वर्गातल्या दोघांना पाठीला पाठ लावून उभं करते आणि बुटक्याला पायाखाली वीट देते. ‘आता हा उंच झाला का?’ ‘नाही मॅडम, वीट काढा!’ मग वहीतल्या स्तंभाखालची वीट त्यांची तीच काढतात.

काडेपेट्यांच्या स्तंभांवर आणि नंतर चौकटीच्या वहीतल्या स्तंभांवर मी एक पट्टी वापरते. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम. बुटक्या स्तंभाच्या डोक्याला टेकवून ती आडवी धरायची, इतकी लांब की उंच स्तंभावरूनही जाईल. पट्टीच्या वर उंच स्तंभाचा जो भाग डोकावतो, तेवढाच मोजायचा. पट्टीच्या खालचं दोघांचं सारखंच आहे, ते म्हणजे हात धरलेल्या जोड्या. हा दुवा तोंडाने जोडून द्या. काही मुलांना तो आपोआप जुळत नाही.

एकाने जास्त सांगणारी मुलं पायाची रेघसुद्धा ‘एक’ म्हणून मोजतात. त्यांना कुंपणाच्या खांबांचं उदाहरण लगेच पटतं: नऊ खांब, पण मधल्या जागा आठ. आपण जागा मोजतोय. किंवा सरळ पायाच्या रेघेपाशी ठसठशीत ० लिहून द्या.

शून्यावरून आठवलं. पुरणपोळीसाठीही आलेखात एक जागा ठेवा. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस नसेल तर तिथे काहीच येणार नाही. मुलं ती जागा गाळू पाहतात किंवा ‘बिचारी रिकामी’ म्हणून एक काडेपेटी लावू पाहतात. नाव राहील, स्तंभ नसेल, एवढंच.

आणि स्तंभ कशाचा, हे दर वेळी विचारत जा. एकदा एक मुलगा दोन काडेपेट्या घेऊन आला. का रे? ‘मी दोन भाकरी खाल्ल्या.’ मी स्तंभाखाली नुसतं ‘दादर’ लिहिलं होतं, आत काय मोजलंय ते नव्हतंच. चूक माझी. आता उभ्या रेषेच्या बाजूला आधी ‘मुलांची संख्या’ लिहून होतं, मगच पहिली पेटी लागते.

प्रमाण आलं की सगळं पुन्हा बिघडतं

हे धरूनच चाला. एक चौकोन म्हणजे एक मूल, इथपर्यंत रुळलेला वर्ग ‘एक चौकोन म्हणजे ५’ म्हटलं की परत मागे जातो.

माझ्याकडे याला हक्काची माहिती असते, पोषण आहाराची नोंदवही. एका आठवड्यात सोमवारी ४०, मंगळवारी ३५, बुधवारी ४५, गुरुवारी ४० आणि शुक्रवारी ३० मुलं जेवली. शुक्रवार गावच्या आठवडे बाजाराचा. एक चौकोन ५ मुलांचा धरला तर बुधवारचा स्तंभ नऊ चौकोनांचा. ‘बुधवारी किती जेवले?’ ‘नऊ!’ मी काही न बोलता स्वयंपाकघराकडे बघते. ‘ताईंनी नऊ जणांची खिचडी शिजवली होती?’ हसू फुटतं आणि कुणीतरी चौकोन पाच-पाचने मोजायला लागतं. पुस्तकातल्या अनोळखी गावच्या अनोळखी दुकानाच्या आलेखात ही सोय नाही. उत्तर खोटं वाटायला आकडा ओळखीचा लागतो.

यानंतरची चूक जास्त चिवट. बुधवार आणि शुक्रवारची तुलना. पट्टी लावली, वर तीन चौकोन डोकावले, उत्तर आलं ‘तीनने जास्त’. पद्धत बरोबर, पण उत्तर चौकोनांत. इथे मी दोन्ही वाटांनी जायला लावते. एकाने तीन चौकोनांचे पंधरा करायचे, दुसऱ्याने ४५ मधून ३० वजा करायचे. उत्तरं जुळली तर पुढे, नाही जुळली तर दोघांनी भांडून शोधायचं. मी मध्ये पडत नाही.

मंगळवारचे ३५ मी अजून एका कामासाठी राखून ठेवते. चौकोन १० चा केला की ३५ चा स्तंभ साडेतीन चौकोनांचा होतो आणि ‘अर्ध्याचे किती?’ हा प्रश्न मुलांकडूनच येतो. हे चौथीच्या उन्हाळ्याआधी जमलं तर जमलं, तिसरीला मी त्यात पाडत नाही.

किरकोळ तक्रारी

स्तंभ आडवे काढले की काही मुलांना ‘उंच’ सापडत नाही. शब्द बदलून ‘लांब’ करा, बाकी काही बदलत नाही. गंमत म्हणजे स्तंभालेखाचा जनक मानला जाणाऱ्या विल्यम प्लेफेअरने १७८६ च्या पुस्तकात छापलेला स्तंभालेख आडव्याच पट्ट्यांचा होता: स्कॉटलंडची १७ ठिकाणांशी झालेली आयात आणि निर्यात, प्रत्येक ठिकाणाला दोन पट्ट्या. म्हणजे आपल्या सातवीचा जोडस्तंभालेखच. त्याच्याकडे स्कॉटलंडची एकाच वर्षाची माहिती होती, वर्षांमागून वर्षांची रेषा काढता येईना, म्हणून त्याने पट्ट्या काढल्या. त्याला स्वतःला तो आलेख कमी प्रतीचा वाटत होता.

वर्तमानपत्रातला आलेख वर्गात आणणार असाल तर उभी रेषा शून्यापासून आहे का ते आधी पाहा. समजा मे महिन्यात भुसावळ ४५ अंश, नाशिक ३९ अंश आणि रेषा ३५ पासून सुरू केलेली. भुसावळचा स्तंभ दहा घरांचा, नाशिकचा चारच. मूल म्हणणार, भुसावळला नाशिकच्या अडीचपट ऊन. भुसावळचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला ते खरंही वाटेल, पण आलेख तसं सांगत नाही. लहान वर्गात असे कापलेले आलेख आणूच नयेत, असं माझं मत.

‘उंच तो चांगला’ हा समजही पक्का असतो. गैरहजेरीचा आलेख काढला तर सगळ्यात उंच स्तंभाचा वार ‘पहिला आला’ म्हणून टाळ्या पडतात. वर्षातून एकदा हा आलेख काढाच.

पालकांपैकी कुणी घरी सराव घेणार असेल तर चौकटीची वही नको. जेवताना ताटातल्या भाकरींच्या दोन चवडी पुरतात: ‘बाबाच्या चवडीत तुझ्यापेक्षा कितीने जास्त?’ भाकरी संपायच्या आत विचारा.

पुन्हा तपासणी

जमलं असं वाटल्यावर मी पंधरा दिवस आलेख बंद ठेवते आणि मग न सांगता चिंचोक्यांची चाचणी पुन्हा घेते. गणित-शिक्षणाच्या अभ्यासक फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८७ मध्ये आलेख वाचण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या: जे दिसतं ते वाचणं, दोन आकड्यांमधलं वाचणं आणि आलेखाच्या पलीकडचं वाचणं. ‘उंच कोणता’ ही पहिली, ‘कितीने जास्त’ दुसरी. तिसरीसाठी मी जानेवारीत भाकरीचा तोच कागद भिंतीवरून काढून आणते आणि विचारते, भोगीच्या दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न विचारला तर कोणता स्तंभ वाढेल? ‘बाजरी!’ तीळ लावलेली भाकर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. मग हळूच पुढचा प्रश्न: आणि बाजरी वाढली तर बाकीच्यांचं काय होईल? बावीस जण बावीसच आहेत, एक इकडे आला की दुसरीकडचा एक कमी होणार, हे सांगायला यंदा एकच मुलगी उठली. बाकीचे तिच्याकडे बघत राहिले.

चिंचोक्यांवर यंदा अजून दोघं ‘आठ’ म्हणतात. त्यांना वही दिलेली नाही. मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं ते व्हरांड्यात असतात, पहिलीच्या मुलांना ओळीत उभं करून जोड्या लावत.